भाऊ टिपणीसांचा खर्ज

आमच्या समोर आता मंगल कार्यालय झालंय. लग्नसराईत तिथे माणसाएवढे काळे डबे आणून मांडतात आणि दिवेलागणीला त्यातून धुम्म धुम्म सुरू होतं. खिडकीच्या काचा थरथरतात, मांडणीवरची भांडी एकमेकींना लागून वाजतात. सून वैतागून खिडक्या ओढून घेते, नातू म्हणतो आजी कानात बोळे घाल. मी उठते, खिडकीशी जाते आणि काचेला तळहात लावून उभी राहते. घरच्यांना वाटतं म्हातारीचं काहीतरी बिनसलंय. वाटू दे. त्यांनी भाऊ टिपणीस बघितलेले नाहीत.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे मी लग्न होऊन नौपाड्यात आले. तळमजल्यावर दोन खोल्या, खाली शहाबादी फरशी, आणि शेजारी एका विटेच्या भिंतीपलीकडे टिपणीसांचं बिऱ्हाड. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे, त्यामुळे भाऊ मला 'बाई' म्हणत. माझ्याहून चांगले पंधरा वर्षांनी मोठे, तरी अहोजाहो. कोपरीपलीकडच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. उंच, थोडे पुढे वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. बोलणं इतकं कमी की आळीत त्यांना काहीजण शिष्ट समजत. शिष्ट कसले, त्यांना शब्द काढायला वेळ लागायचा, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

त्यांची बायको सुमतीवहिनी अगदी उलट. बिरडं शिजत असलं तरी त्या गात असायच्या, मासे साफ करताना तर हमखास. माहेरी गाण्याची रीतसर तालीम झालेली होती. सभेत कधी बसल्या नाहीत, पण आळीत हळदीकुंकू असलं की आधी त्यांना बोलावणं जायचं. मी पेटी घेऊन साथीला बसायचे. त्यांचा षड्ज लागला की माझी पेटी मला पत्र्याची वाटायची. आणि भाऊ? भाऊ कानानं ठार कच्चे. कच्चे म्हणजे किती, तर आरती आणि मंगलाष्टक यातला फरक मला शब्दांवरून कळतो, असं ते स्वतःच सांगत. वहिनी गात असल्या की हे दारात बसून बिडाची कडी नाहीतर कुलूप दुरुस्त करत. आवडतं का हो तुम्हाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ती गात्येय म्हणजे घरात सगळं ठीक आहे."

मग वहिनींना क्षय झाला. सॅनिटोरियममध्ये नेलं. तेव्हा त्यावर नवीन इंजेक्शनं निघाली होती, महिनोन् महिने टोचावी लागत. डॉक्टरांनी बजावलं होतं की यानं कधीकधी कानांवर परिणाम होतो. भाऊ म्हणाले, द्या. दुसरं काय म्हणणार माणूस? जीव वाचला आणि कान गेले. आधी चिमण्या गेल्या, मग भांड्यांचा आवाज गेला, मग माणसं गेली. परत आल्या त्या गोऱ्यामोऱ्या होऊन, समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघणाऱ्या.

आल्यावर पहिल्याच हळदीकुंकवाला कुणीतरी आग्रह केला, आणि त्या गायल्या. सूर कुठल्या कुठे गेला होता. मी पेटीवर त्यांच्यामागून धावत होते, पण सापडेनात. कोपऱ्यात दोघीजणी पदर तोंडाला लावून हसल्या. वहिनींना ऐकू आलं नसलं तरी दिसलं. त्यानंतर त्या गायल्या नाहीत, आणि हळूहळू बोलायच्याही थांबल्या. नुसती मान हलवायच्या. बहिऱ्या माणसाला ही सवय लागते. काय म्हणालात, काय म्हणालात, असं किती वेळा विचारणार? त्यापेक्षा हो म्हटलेलं बरं. ऊन आहे म्हटलं तरी हो, पाऊस आहे म्हटलं तरी हो.

भाऊंची मात्र पंचाईत झाली. दारातून 'अगं' म्हणायची जन्माची सवय. ते दोनतीनदा 'अगं' म्हणत, मग आठवण होऊन गप्प उभे राहत, मग दिवा उघडझाप करत. दिवा लुकलुकला की वहिनी वळत. भिंतीपलीकडून मला ते 'अगं' ऐकू यायचं आणि खटखट बटणाचा आवाज यायचा. त्या घरात त्या दिवसांत एवढेच आवाज असत.

एके दिवशी रस्त्यावरून ढोलपथक चाललं होतं. मी त्यांच्याकडे वाटीभर साखर आणायला गेले होते. वहिनी पोळ्या लाटत होत्या, पाठ खिडकीकडे. एकदम थांबल्या, पिठाचा हात छातीवर ठेवला आणि त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "ढोल आला." भाऊ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळीच कल्याणला गेले.

लढाईच्या वेळी कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती, आणि गोरे गेल्यावर तिथल्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. गोऱ्यांनी मागे टाकलेला माल त्यांतल्या काहींनी विकायला काढला होता. बूट, तंबू, वायरींची भेंडोळी, काय म्हणाल ते. हशूभाई नावाच्या एका माणसानं एका बराकीत रेडिओचं आणि लाऊडस्पीकरचं सामान मांडलं होतं. त्याच्याच मागच्या खोलीत सैनिकांच्या बँडमधलं एक प्रचंड फिडल पडलेलं होतं. माणसाहून उंच, डबल बास म्हणतात त्याला, चार जाड तारा आणि पाठीला लांबलचक तडा. हशूभाई त्याच्यावर ओले कपडे वाळत घालत असे.

ते नौपाड्यात आलं त्या दिवसाची गोष्ट आळीत पुढे किती वर्षं सांगत असत. कल्याणहून नाक्यापर्यंत भाजीच्या लॉरीतून, तिथून हातगाडीवर. धक्का लागू नये म्हणून भाऊंनी त्याला गोधडीत गुंडाळलं होतं, आणि एक हात त्यावर ठेवून, मान खाली घालून ते गाडीबरोबर चालत होते. आळीत सगळ्यांना ठाऊक की टिपणीसांची बायको क्षयानं सॅनिटोरियममध्ये गेली होती. ती घराबाहेर पडत नसल्यानं परत आल्याचं सगळ्यांना ठाऊक नव्हतं. माणसं टोप्या काढून उभी राहिली. आमच्या गणपती मंडळाचे सेक्रेटरी प्रधान, त्यांच्या आई ओट्यावर होत्या. त्यांनी सरळ गळा काढला. गर्दी दिसली म्हणून वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या, आणि त्यांना बघून प्रधानांच्या आई मट्कन खालीच बसल्या. वहिनींनी गोधडीचं टोक उचललं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "ही कोण आणलीत? माझ्याहून थोरली दिसते." सवत म्हणायला जीभ रेटली नसावी, म्हणून तिचं नाव पडलं जाऊबाई. ते 'ढोल आला' सोडलं तर पुष्कळ महिन्यांनी त्या आपणहून काही बोलल्या होत्या, आणि भाऊ रस्त्यातच डोळे पुसत उभे राहिले.

भाऊंचा हिशेब साधा होता. कान वरचे सूर घेत नाहीत, पण ढोल अंगाला कळतो. मग खर्ज कळेल. खर्जातला षड्ज अंगाला कळला, तर तालीम झालेली बाई त्यावर आपला सूर लावेल. एकदा सूर लागला की ती गाईल. ती गायली की घरात सगळं ठीक. आता ज्या माणसाला आरती आणि मंगलाष्टक एक, त्यानं चाळिशीत डबल बास शिकायचा म्हणजे काय चेष्टा आहे? कोपरीला एका म्हाताऱ्या गोवेकर बँडवाल्याकडे जाऊन ते गज कसा धरायचा आणि कसा ओढायचा एवढं शिकून आले. तारांखालच्या पट्टीवर स्टोअरमधल्यासारख्या चिठ्ठ्या डकवल्या, सा, रे, ग. तार लावायची झाली की भिंतीवर दोन टिचक्या मारायचे. मी इकडे पेटीवर सा धरायचे आणि ते तिकडे खुंटी पिळत बसायचे. "लागला का, बाई?" मी नाही म्हणायचे. पुन्हा पिळायचे. मला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे हा कार्यक्रम लांबायचा.

पण जाऊबाईंचा स्वतःचा आवाज पुरेना. पाठ तडकलेली, तिला टेकून बसायची सोय नाही. फरशी दगडाची, तिच्यातून काही जाईना. मग आवाज वाढवायचं यंत्र आलं, लष्करी हिरव्या रंगाचा, काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह असलेला अँप्लिफायर. रणगाड्यातले सैनिक गळ्याला पट्ट्यानं बांधायचे तसला माईक हशूभाईनं शोधून दिला, तो भाऊंनी तारांखालच्या घोडीला बांधला. वहिनी म्हणाल्या, जाऊबाईंना डोरलं केलंत, मला मेलीला कधी काही केलं नाहीत. त्या बोलत होत्या, हीच नवलाई.

स्पीकर निवडायला भाऊ वहिनींनाच घेऊन गेले, आणि सोबत म्हणून मी. हशूभाईनं बराकीत एका फळीवर सात-आठ स्पीकर ओळीनं मांडले. एकेकाला अँप्लिफायर जोडायचा आणि अँप्लिफायरच्या मोकळ्या वायरीला बोट लावायचं, म्हणजे आतून भुंग्यासारखी घूं सुरू होते. दुनिया कानानं स्पीकर घेते, आमच्या वहिनींनी तळहातानं घेतला. डोळे मिटून प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत गेल्या. चकचकीत होते ते सोडून दिले. शेवटी एक गंजकं धूड होतं, परातीएवढं तोंड आणि मागे खलबत्त्याएवढा लोहचुंबक. त्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. "हा," म्हणाल्या. हशूभाई म्हणाला, भाभीने सही माल पकड़ा, बाकी सब तो डिब्बा है. त्यानं आम्हाला चहा पाजला आणि वहिनींना बसायला खुर्ची दिली, ती आधी स्वतःच्या उपरण्यानं पुसून. त्याची बायको सिंधमधून येताना वाटेतच गेली होती, हे मला भाऊंकडून नंतर कळलं.

मला वाटलं भाऊ खूश असतील. परतताना म्हणतात, "बाई, मी आधीपासून त्या धुडाकडेच बघत होतो. तिनं माझं तोंड वाचलं नसेल ना?" मी म्हटलं तिचे डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, हात ठेवताना मिटलेले, आधी उघडेच होते की. हा किडा त्या दिवशी त्यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. ती सगळ्यांना हो म्हणते. मलाही मन राखायला हो म्हणत असली तर?

स्पीकरला खोकं हवं. चहाचं खोकं आणलं तर त्याचे खिळेच करकरायला लागले. मग वहिनींनी माहेरून आलेलं सागवानी कपाट रिकामं करून दिलं. साड्या काय, दोरीवरही राहतात, म्हणाल्या. त्या कपाटाचा कापून वेगळा केलेला खालचा अर्धा भाग म्हणजे स्पीकरचा डबा. त्याच्यासमोर पाट मांडायचा आणि डब्याला पाठ लावून वहिनींनी बसायचं, हे शनिवारचं दुपारचं ठरून गेलं. त्या दिवशी भाऊंना अर्धी सुट्टी आणि माझी शाळा सकाळची.

त्या यंत्राची बडदास्त काय सांगू. आमच्याकडे खाडीचा खारा वारा, लोखंडाला चार दिवसांत तांबेरा. भाऊ एकेक व्हॉल्व्ह काढून त्याचे पाय खोडरबरानं घासत. शाळेतल्या मुलींनी टाकलेले खोडरबराचे तुकडे मी त्यांना नेऊन द्यायचे. जास्तीचे व्हॉल्व्ह वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून स्वयंपाकघरात फळीवर पोह्यांच्या आणि डाळीच्या डब्यांमध्ये ठेवलेले. एकदा माझ्या नवऱ्यानं चिवड्याच्या आशेनं डबा उघडला आणि काच बघून मुकाट्यानं बंद केला. पावसाळ्यात अँप्लिफायरच्या पोटात तांदळाची पुरचुंडी, ओल ओढायला. गजाला लावायची राळ वाण्याकडची, पण खडा निवडून घेणार. आणि बटण दाबल्यावर लगेच वाजवायचं नाही. व्हॉल्व्ह तांबूस होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. ते म्हणत, माणसानं तापल्यावर बोलू नये आणि यंत्रानं तापल्याशिवाय बोलू नये. यातलं पहिलं मला उद्देशून असायचं.

मग गज ओढायचा. तो आवाज कानात कमी आणि पोटात जास्त यायचा. माझ्या घरातलं फुलपात्र थरथरायचं. वहिनी पाठ लावून, डोळे मिटून बसलेल्या. जरा वेळानं म्हणायच्या, "येतंय." आणि सा लावायच्या. कधी लागायचा, असा लागायचा की माझ्या अंगावर काटा यायचा. मग पुढे दोन ओळीसुद्धा म्हणायच्या. कधी चुकायचा. भाऊंना ते कळायचं नाही, म्हणून मी तिथे. "लागला का, बाई?" मी मान नाही म्हणून हलवली, तर ते वहिनींना कधी काही सांगत नसत. स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, मागची फळी काढायचे आणि म्हणायचे, व्हॉल्व्ह जरा थकलाय. तिचं चुकलं असं त्या घरात कधीच झालं नाही, चुकायचं ते व्हॉल्व्हचं.

पण किडा होताच. लागतो तो अंगाला कळून लागतो, की जुन्या तालमीच्या आठवणीनं? आम्ही वहिनींशी पाटीवर लिहून बोलायचो, शाळेतली एक पाटी मीच नेऊन दिली होती. एकदा भाऊ कामावर असताना मी त्यावर सरळ लिहिलं, खरंच येतं का हो? त्यांनी वाचलं, हसल्या, ओल्या तळहातानं पाटी पुसली आणि तांदूळ निवडायला बसल्या. त्या हसण्याचा अर्थ मी पुढे पुष्कळ वर्षं लावत होते.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा करतात. टिपणीसांकडे पाटावर गज, स्क्रूड्रायव्हर आणि जागच्या जागी स्पीकर. वहिनी डब्याची मागची फळी काढायला लावत आणि त्या लोहचुंबकावर हळदीकुंकवाची बोटं ओढत, वर झेंडूचं फूल. भाऊंना धडकी भरायची, कुंकू आत गेलं तर स्पीकरच्या तोंडावरचा कागद खराब होईल. पण थांबवलं नाही कधी. दर वर्षी कुंकवावर कुंकू चढून त्या लोखंडावर लाल पुटं बसली होती.

आमच्या आळीच्या गणपतीला भाऊ दर वर्षी यंत्र फुकट देत आणि दहाही दिवस स्वतः शेजारी बसत. एका वर्षी वहिनींना ताप होता. पुन्हा खोकला सुरू झाला होता, म्हणून ते गेले नाहीत, यंत्र डब्यासकट पाठवून दिलं. प्रधान सेक्रेटरी आणि त्यांची मंडळी मोठी उत्साही. त्यांना दर वर्षी वाटायचं की या स्पीकरमधून सूचना मडक्यात तोंड घालून बोलल्यासारख्या येतात. त्यात भाऊंनी इतकी वर्षं एक पै घेतलेली नाही. मंडळींनी गुपचूप वर्गणी काढली. उत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी भाऊंना बोलावून घेतलं, शाल घातली, नारळ दिला, आणि डब्यावरचा पडदा दूर केला. आतलं ते गंजकं धूड गायब. त्याच्या जागी नवाकोरा, पांढराशुभ्र कर्णा. स्टेशनावर असतो तसला, चिरका. जुनं धूड भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं.

टाळ्या वाजल्या. भाऊ नारळ हातात धरून उभे. बोला, बोला, असा आग्रह झाला. ते माईकपाशी गेले, आणि त्या कर्ण्यातून त्यांचा आवाज पार नाक्यापर्यंत गेला, "आभारी आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी प्रधानांना गाठलं आणि धूड कुठे गेलं ते विचारलं. ते म्हणाले, कल्याणकडचा कुणी भंगारवाला होता. मग बावरून म्हणाले, अहो बाई, चांगलंच केलं ना आम्ही? मी तोंड उघडणार, एवढ्यात भाऊंनी माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. "प्रेमानं दिलंय हो त्यांनी," म्हणाले. मी गप्प बसले. मला अजून त्याचा राग येतो, आणि नेमका कुणावर काढावा ते कळत नाही.

पुढचा शनिवार आला. वहिनींचा ताप उतरला होता. त्यांनी पाट मांडला, डब्याला पाठ लावून बसल्या. व्हॉल्व्ह तापले. भाऊंनी गज ओढला. कर्ण्यातून खर्ज येतच नाही हो, येणार कुठून? नुसतं बदकासारखं फॅ फॅ झालं. मांडणीवरचं फुलपात्रसुद्धा जागचं हललं नाही. मी डब्यावर हात ठेवून बघितला, लाकूड नुसतं लाकूड होतं. वहिनींनी डोळे मिटले, जरा वेळ थांबल्या, आणि म्हणाल्या, "येतंय."

भाऊंनी गज खाली ठेवला. अँप्लिफायर बंद केला. मी निघाले तशी माझ्यामागोमाग दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "यातून काही येत नाही, बाई. तरी ती येतंय म्हणाली. म्हणजे आजवरचं सगळंच..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दुसरा स्पीकर मिळाला नसता असं नाही. मी म्हटलंही, जाऊ या पुन्हा कल्याणला. म्हणाले, निवडायला तिला विचारावं लागेल, आणि ती हो म्हणेल. त्यांना तेच जुनं धूड हवं होतं. रविवारी एकटेच जाऊन भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालायचे. हशूभाईची बराक बंद झालेली होती, तो कुठे गेला कुणाला माहीत नव्हतं. त्या वर्षी खंडेनवमीला वहिनींनी कर्ण्याला कुंकू लावलं. भाऊ शेजारी हात जोडून उभे होते. भांडण नाही, तंटा नाही, दोघं एकमेकांना जपत एका खोलीत बसलेली, आणि मध्ये एक बंद डबा. शनिवारी वहिनी पाट मांडून बसायच्या, वाट बघायच्या. भाऊ पाटीवर लिहायचे, व्हॉल्व्ह थकलाय. पुढे त्यांनी पाट मांडणंही सोडलं. मला भिंतीवरच्या त्या टिचक्या आठवून इकडे एकटीला रडू यायचं.

थंडीत दुखणं उलटलं. या खेपेला इंजेक्शनांचा उपयोग झाला नाही. गेल्या त्या घरीच गेल्या, भाऊंच्या हातात हात होता. मी पायाशी बसले होते. शेवटी भाऊंच्या तळहातावर बोटांनी काहीतरी ठेका धरल्यासारखं करत होत्या. तो ठेका होता की नुसतीच बोटं हलत होती, हेही भाऊंनी मला विचारलं. मी सांगितलं, मला माहीत नाही.

नंतर भाऊ कामावर जायचे, यायचे. घरात शिरताना दारातून 'अगं' म्हणायचे, तेवढं सुटलं नाही. बटणाचा खटखट आवाजही यायचा. मी कधी गोड म्हणून निनाव, नाहीतर पोळीभाजी नेऊन द्यायचे. जाऊबाई कोपऱ्यात चादर पांघरून उभ्या. मंडळानं यंत्र मागितलं तर भाऊंनी कर्णा आणि अँप्लिफायर काढून दिले, पण उत्सव संपल्यावर अँप्लिफायर आठवणीनं परत आणला, आणि त्याचे व्हॉल्व्ह काढून पाय खोडरबरानं घासले. कशासाठी, असं मी विचारलं नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी दारात हशूभाई उभा. पाठीवर गोणपाट. त्यानं मधे दुसरा धंदा करून बघितला होता आणि तो बुडवून पुन्हा जुन्यावर आला होता. भंगाराच्या ढिगात त्याला आपलं धूड दिसलं. तसली धुडं बरीच असतात, पण याच्या लोहचुंबकावर कुंकवाची पुटं होती. असं भाभींशिवाय कोण करणार? तो ते पाठीवर घेऊन आला होता. गोणपाट ओट्यावर ठेवून त्यानं घाम पुसला आणि आत डोकावून विचारलं, "भाभी कहाँ है?" मीच सांगितलं, त्या गेल्या. तो ओट्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. चहा घेतला, पण भाऊंनी पैसे काढले तर त्यांचा हात धरून परत त्यांच्याच खिशात घातला.

शनिवारी दुपारी भिंतीवर दोन टिचक्या ऐकू आल्या. मी पेटी ओढून सा धरला. पलीकडे खुंटी पिळल्याचा आवाज. "लागला का, बाई?" बऱ्याच वेळानं लागला. मग ते स्वतः दारात आले आणि म्हणाले, जरा येता का.

धूड डब्यात बसवलेलं होतं. व्हॉल्व्ह तापत होते. समोर वहिनींचा पाट. भाऊंनी गज माझ्या हातात दिला, बोटं कशी ठेवायची ते दाखवलं आणि सांगितलं, "मी नेहमी वाजवायच्या बाजूला. तिच्याकडे काय पोचायचं ते मला कधी कळलंच नाही. एक सा ओढा." आणि ते पाटावर बसले, डब्याला पाठ लावून, तिच्यासारखेच डोळे मिटून.

पहिल्यांदा नुसती खरवड झाली. दुसऱ्यांदाही. मग तार बोलली. जमिनीखालून काहीतरी निघून यावं तसा तो खर्ज आला. भाऊंचा शर्ट पाठीवर थरथरताना मला दिसत होता. मी गज परतवून पुन्हा ओढला. मग त्या माणसानं, ज्यानं जन्मात आरती धड म्हटली नव्हती, तोंड उघडलं आणि सा लावला. घोगरा, कापरा, पण लावला.

"लागला का, बाई?"

लागला होता. मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "लागला, भाऊ."

"म्हणजे येत होतं तिला," ते म्हणाले.

डोळे त्यांनी उघडले नाहीत. एक हात मागे नेऊन डब्याच्या लाकडावर सपाट ठेवला. माझा खांदा भरून आला होता, पण ते थांबा म्हणाले नाहीत, म्हणून मी ओढत राहिले.